आठवा फायदा

मामा, साबणाचं आपलं भांडण अर्धंच राहिलं.

मागच्या वर्षी तुमच्या गोठ्यासमोर आमच्या बालवाडीची सगळी पोरं रांगेत उभी होती आणि मी हट्टाला पेटले होते, की आधी सगळ्यांचे हात साबणाने धुवायचे आणि मगच तुमच्या मालन गायीजवळ जायचं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हात धुवा की बाई, कोन नगं म्हनलंय? पर जेवायच्या आदी धुवा. साबनाच्या हाताला मालन काय वळखंल? तिला समदी लेकरं एकाच वडीची वाटतील." मी म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही म्हणालात, बघू. आणि गेल्या महिन्यात तुम्ही निघून गेलात. भांडणात शेवटचा शब्द आपलाच राहावा म्हणून माणसं काय काय करतात, पण हे जरा अतीच झालं.

कसे गेलात, किती वाजता गेलात, ते मी लिहीत बसत नाही. ते तुमच्या गावाला माहीत आहे आणि मला अजून नीट ऐकवत नाही. मी परवाचं सांगणार आहे. परवा मी मुलांना घेऊन तुमच्या वावरात आले होते. पण तिथपर्यंत यायला मला थोडं मागून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला पाल्हाळ आवडायचं, म्हणून हरकत नाही.

तुमची नात तेव्हा आमच्या लहान गटात होती. तुमचा मुलगा लातूरला शिकवणीचे वर्ग घ्यायचा, अजूनही घेतो, आणि तुम्ही महिन्यातून एकदा देवणीकडून एसटीने नातीला भेटायला यायचात. एकदा शाळा सुटायच्या आधीच आलात आणि खिडकीशी उभे राहिलात. मी तक्त्यावर छडी ठेवून पाळीव प्राणी शिकवत होते. "ही कोण?" "गाऽऽय." तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "बाई, ही गाय कुठली हो?"

मी म्हणाले, "कुठली म्हणजे? गाय आहे."

"हाव, गाय हाय. पर ही आपल्याकडली न्हाई. हिला वशिंड कुठंय? असली गाय आपल्या उन्हात दुपारीच धापा टाकंल. देवणीच्या इतक्या जवळ राहून लेकरांना परदेशातली गाय दाखवता तुमी."

पोरं हसली. मला राग आला. पुढच्या महिन्यात आलात तेव्हा मी मुद्दाम तुम्हाला वर्गात बोलावलं आणि म्हणाले, मग तुम्हीच शिकवा. तुम्ही खडू हातात घेतला, फळ्याकडे बघितलं आणि खडू परत ठेवला. "फळ्यावर न्हाई यायची ती. तुमीच चला." अशी आपली पहिली शेतभेट ठरली. रागाच्या भरात ठरलेली एवढी एकच गोष्ट माझ्या आयुष्यात नीट पार पडली असेल.

तेव्हापासून दर वर्षी येळवस झाली की दोन-तीन दिवसांनी आमची बस तुमच्या बांधाला लागायची. येळवशीच्या अमावास्येला अर्धं लातूर कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला जातं, ज्यांना शेत नाही तेही जातात. पण तिथे मोठी माणसं जेवतात आणि पोरं मोबाइल बघतात. तुमच्याकडे सणासाठी घातलेली कडब्याची कोप, ती छोटी झोपडी, तशीच उभी असायची आणि मामी पोरांसाठी पुन्हा नव्याने भज्जी आणि आंबिल करायच्या. घरी मेथीच्या काडीला तोंड वाकडं करणारी पोरं तिथे सगळ्या पालेभाज्या न् दाणे घातलेली भज्जी दोनदा मागून खायची. आया मला विचारायच्या, बाई, त्यात असं काय घालतात? मी मामींना विचारलं. मामी नांदेडकडच्या बिलोलीच्या, त्यांचं बोलणं तुमच्याहून निराळं. त्या म्हणाल्या, "काय घालून राहिले मी? भूक घालते." आणि तुम्ही त्यांच्या 'घालून राहिले'ची नक्कल केलीत आणि उलथन्याचा धाक मिळवलात.

पण पहिल्या वर्षीची माझी चूक मला सांगायची आहे. कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, "मामा, मुलांची आणि जनावरांची ओळख करून द्या." माझ्या डोक्यात होतं ते असं, की हे गायीचं शिंग, हे वशिंड, देवणी जातीचे हे तीन प्रकार, हिचं तोंड काळं म्हणून ही वानेरा, आणि मुलं ते ऐकून घेतील. तुम्ही मात्र माझं बोलणं शब्दशः धरलंत. पहिल्या पोराला हाताला धरून मालनसमोर नेलंत, त्याचा तळवा उघडा करून तिच्या नाकाखाली धरायला लावलात आणि गायीला म्हणालात, "मालन, हे ओंकार. लातूरचं. नवीन बसस्टँडच्या अंगाला ऱ्हातंय." मग ओंकारला विचारलंत, "तुझं एक खरं सांग." ओंकार म्हणाला, "माझा दात हलतो." तुम्ही गायीला सांगितलंत, "ह्याचा दात हलतोय." मालनने त्याचा तळवा हुंगला, फुस्स केलं, आणि तुम्ही म्हणालात, "झाली वळख. फुडचं या."

मी मागून ओरडले, "मामा, उलटं झालं. गायीची ओळख मुलांना करून द्यायची होती."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मीच बालवाडीत आहे. "बाई, घर कुनाचं? तिचं. मग वळख कुनी द्यायची? आलेल्यानं का घरवालीनं?"

चाळीस पोरांची ओळख व्हायला दोन तास लागले. मी वेळापत्रक केलं होतं, त्यातलं गांडूळखत, ठिबक आणि गाणी, तिन्ही बुडालं. पण मामा, मी तेव्हा कबूल केलं नाही ते आता करते. ते दोन तास मी वर्गात कधी बघितले नव्हते. आमचा चिन्मय तेव्हा येता-जाता कुणालाही चावायचा. तो पोरगा तळवा उघडा करून, श्वास रोखून, गाय आपणहून पुढे येईपर्यंत उभा राहिला. तुम्ही त्याला एवढंच सांगितलं होतं, की आपण हात लावायचा नाही, तिला लावू द्यायचा. पुढच्या आठवड्यात वर्गात त्याला दुसऱ्याचा रंगीत खडू हवा होता. तो त्या पोरीसमोर गेला, तळवा उघडा केला आणि थांबला. तिने खडू दिला. मी टेबलाआड तोंड लपवून हसले आणि थोडी रडलेही.

आणि ती एक मुलगी, जिने आपलं खरं मोठ्याने सांगायला नकार दिला. तुम्ही गुडघ्यावर बसलात, तिने तुमच्या कानात सांगितलं, तुम्ही ते मालनच्या कानात सांगितलंत. मी नंतर विचारलं, काय म्हणाली? "ते मालनचं न् तिचं हाय." मला ते आजतागायत कळलेलं नाही. तुम्ही गेल्यावर आता फक्त तिला आणि मालनलाच माहीत आहे.

सगळंच काही गोड नव्हतं. एका वर्षी पालकसभेत एक आई उभी राहिली. तिच्या मुलीच्या नव्या फ्रॉकला शेण लागलं होतं. ती म्हणाली, "आम्ही गाव सोडून लातूरला आलो ते पोरांनी शिकावं म्हणून. तुम्ही पैसे घेऊन परत शेणात नेता?" चारजणींनी माना डोलावल्या. त्या माउलीचं चूक होतं असं मला म्हणवेना, कारण ती शेणात वाढली होती आणि मी नव्हते. मी घरी येऊन ताव काढला आणि वर लिहिलं, 'लहान मुलांसाठी शेतभेटीचे फायदे'. स्नायूंचा विकास, निरीक्षणशक्ती, अन्न कुठून येतं याची जाण, धीर धरण्याची सवय, शब्दसंपत्ती, एकमेकांना मदत, मातीविषयी प्रेम. मोजून सात.

तो कागद मी तुम्हाला दाखवायला आणला. नातीने वाचून दाखवला. 'स्नायूंचा विकास'ला तुम्ही एवढे हसलात की खोकला लागला. मग डोळे पुसून म्हणालात, "समदं खरं हाय बाई. पर आठवा ऱ्हायला."

"कोणता?"

"मालनला इचारा."

नंतर कितीदा विचारलं. फोनवर विचारलं, नातीकरवी विचारलं. दर वेळी एकच, मालनला विचारा. आणि त्या फ्रॉकवाल्या आईला तुम्ही उत्तर दिलं नाहीच. माझ्याकडे पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा दिल्यात, म्हणालात, त्या बाईला द्या, मीठ घालून उकडायला सांगा. मी म्हणाले, मामा, ही काय लाच आहे का? तुम्ही म्हणालात, "न्हाई. तिची वळख हाय शेंगांशी. लई दिवस भेट न्हाई झाली, तेवढंच." पुढच्या वर्षी ती आई बसमध्ये माझ्या शेजारी बसून आली. येताना दोन फ्रॉक आणले होते, एक शेणासाठी.

आणखी एका गोष्टीवर आपलं कधी पटलं नाही. परतीच्या बसमध्ये मी मुलांना विचारायची, "आज काय काय शिकलात?" तुम्ही एकदा निरोप द्यायला बसच्या पायरीवर चढला होतात, तेव्हा ते ऐकलंत. म्हणालात, "बाई, जेवून उठल्या उठल्या कुनी इचारतं का, अंगी लागलं का म्हनून?" मी म्हणाले, विचारावं लागतं, नाहीतर विसरतात. तुम्ही म्हणालात, विसरू द्या. मी विचारतच राहिले. पण पोरं कशी शिकतात ते मी तुमच्याकडेच बघितलं. लातूरला गल्लोगल्ली डाळीच्या मिली, त्यातल्या एका मिलमध्ये काम करणाऱ्या बापाची पोरगी समृद्धी. तिला वाटायचं डाळ मशीनमध्ये तयार होते. मागच्या वर्षी ती विहिरीजवळच्या वाफ्यातलं गाजर उपटून आली आणि मग तुरीच्या झाडाखाली काठीने उकरत बसली. तुम्ही विचारलंत, काय करतीस? "डाळ काढते." तुम्ही हसला नाहीत. तिच्या शेजारी बसून तुम्हीही थोडं उकरलंत. काही सापडेना, तेव्हा तिने दमून मान वर केली आणि डोक्यावर लोंबणाऱ्या शेंगा तिला दिसल्या. तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. मी असते तर पहिल्याच काठीला सांगून टाकलं असतं.

आता माझं. मामा, तुम्हाला माहीत होतं ना?

मी दर वर्षी बैलगाडीच्या मागे उभी राहायची, हातात यादी घेऊन, पोरं मोजत. तुम्ही म्हणायचात, "मोजा बाई, मोजा. मालन कुनाला खात न्हाई, तरी मोजा." सगळ्यांची ओळख झाली की माझ्याकडे बघून सहज विचारायचात, "तुमची ऱ्हायली." मी म्हणायची, पुढच्या वर्षी, आता बसला उशीर होतोय. पोरांसमोर तुम्ही कधी त्यापुढे गेला नाहीत. कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना गंजगोलाईच्या बाजारात एका मोकाट गायीने माझ्या खांद्यावरची भाजीची पिशवी ओढली होती. पिशवीचा बंद मानेत अडकला आणि मी चार पावलं फरफटले. गाय मेथीच्या मागे होती, माझ्या नाही, हे मला आज कळतं. पण अंगाला कळत नाही. जी बाई गावभर शेतभेटीचे फायदे सांगत फिरते, तिने आयुष्यात गायीला हात लावलेला नाही, ही गोष्ट मी इतकी वर्षं पदरात गाठ मारून ठेवली होती.

तुम्ही गेल्यावर मी मामींना फोन केला, की या वर्षीची भेट राहू द्या. मनातल्या मनात मला हायसंही वाटलं होतं, हेही खरं आहे. मामी म्हणाल्या, "औंदा सण न्हाई. पर कोप घातली मी लेकरांसाठी. मालन बांधाकडं तोंड करून राहिली रोज. या तुमी."

परवा आलो. बसमध्ये दोघांना उलट्या झाल्या, म्हणजे सगळं नेहमीसारखंच. मामींनी पोरांना आंबिल दिली. आणि मग पोरं गोठ्यासमोर रांगेत उभी राहिली, मामी दावं धरून उभ्या, मी बैलगाडीच्या मागे, आणि पुढे कुणीच काही बोलेना. तुमची जागा मोकळी होती. मला वाटलं आता मामी रडणार, मग मी रडणार, मग चाळीस पोरं रडणार आणि आपण घरी जाणार.

रांगेतून समृद्धी पुढे आली. यंदा ती मोठ्या गटात आहे. तिने कुणाला विचारलं नाही. लहान गटातल्या पहिल्या पोराचा हात धरला, तळवा उघडा केला, मालनच्या नाकाखाली धरला आणि अगदी तुमच्या आवाजात, जाड आवाज काढून म्हणाली, "मालन, हे वेदांत. लातूरचं. तुझं एक खरं सांग रे." वेदांत म्हणाला, "मला पोळी करपलेली आवडते." मामींच्या तोंडून एकदम हसू फुटलं आणि त्याच्या मागून डोळ्यांतलं पाणीही.

समृद्धीने सगळ्या रांगेची ओळख करून दिली. दोन तास लागले. यंदा मी वेळापत्रक केलंच नव्हतं. साबणही पिशवीतच राहू दिला, जेवणाच्या आधी काढला. शेवटचं पोर झाल्यावर ती गाडीला वळसा घालून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुमची ऱ्हायली."

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी, बसला—"

"पुढच्या वर्षी मी पहिलीत जाणार आहे," ती म्हणाली. "मग कोण करून देईल?"

तिने माझ्या हातातली यादी काढून मामींकडे दिली आणि मला ओढत नेलं. मालन जवळून केवढी मोठी आहे हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. माझी सगळी बालवाडी बघत होती. समृद्धीने माझा तळवा उघडा केला. "मालन, ह्या आमच्या बाई. लातूरच्या. बाई, तुमचं एक खरं सांगा."

मी म्हणाले, "मला गायीची भीती वाटते."

कुणी हसलं नाही. समृद्धीने मालनला सांगितलं, "ह्या भितात." एवढ्याशा आवाजात, जसा दात हलतोय हे सांगावं तसं. मग मालनने मान पुढे केली. मी हात मागे घेतला नाही. उबदार, ओला श्वास तळव्यावर आला, मग खरखरीत जीभ, आणि मग तिने माझ्या पदराला नाक पुसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "झाली वळख. फुडचं या." फुडचं कुणी उरलं नव्हतं.

मामी मालनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, वळख कशाला पाहिजे होती? मालक दर वरसाला सांगायचे हिला. तुमची बस गेली की इथं येऊन बसायचे न् एकेका लेकराचं बोलायचे. शेवटाला तुमचं."

"माझं काय सांगायचे?"

"म्हनायचे, ती बाई लई भिती तुला. तरी दर वरसाला येती."

मामा, मी तिथेच मालनच्या गळ्याला हात टाकून उभी राहिले. किती वेळ ते यादीत लिहिलेलं नाही, कारण यादी मामींकडे होती.

परतताना बसमध्ये मी कुणाला काही विचारलं नाही. पोरंच बडबडत होती, मग झोपली. समृद्धी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, हाताला मालनचा वास. घरी आल्यावर तो जुना ताव काढला. सात फायद्यांच्या खाली आठवा आकडा घातला आहे आणि पुढची ओळ कोरी ठेवली आहे. तुम्ही नको म्हणाला होतात ना, जेवून उठल्या उठल्या विचारू नका. अंगी लागलं की लिहीन.